ऑप्टेन मॉड्यूल बिघडले असे ठरवण्याआधी: या चुका टाळा

कापसाच्या हंगामात काट्यावरची वजने, शेतकऱ्यांच्या पावत्या आणि बँकेत जाणाऱ्या रकमांच्या याद्या एकाच व्हर्च्युअलायझेशन सर्व्हरवर, म्हणजे अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणाऱ्या यंत्रावर, चालत असतील, तर रात्री लाईन जाऊन आल्यावर दिसणारा मेमरीचा लाल इशारा कोणाचाही धीर खचवतो. यवतमाळकडच्या एका जिनिंगचा, इंटेलची ऑप्टेन मॉड्यूल (रॅमच्या खाचेत बसणारी, वीज गेली तरी मजकूर टिकवू शकणारी मेमरी) बसवलेला असा सर्व्हर मी सांभाळतो आणि माझे मत असे झाले आहे की, मॉड्यूलच्या दोषापेक्षा घाईने चालवलेल्या कमांडनेच माहिती अधिक जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आयपीएमसीटीएल या मॉड्यूल सांभाळण्याच्या साधनात ‘क्रिएट गोल’ ही मॉड्यूलची रचना ठरवणारी कमांड नव्याने चालवणे. त्या मॉड्यूलवर नेमस्पेस (मजकूर ठेवण्यासाठी आखलेला भाग) असेल तर हे साधन अडवते. पण अडथळा दूर करण्याच्या नादात माणूस नेमस्पेसच पुसतो आणि तिच्यातला मजकूर तिथेच गमावतो. गोल, म्हणजे ठरवलेली नवी रचना, रीबूटनंतरच लागू होतो, म्हणून तोपर्यंत ‘डिलीट गोल’ने तो मागे घेता येतो, पुसलेली नेमस्पेस मात्र त्याने परत येत नाही. काहीही करण्याआधी सध्याची रचना फाइलमध्ये उतरवून ती दुसऱ्या यंत्रावर ठेवावी.

दुसरी चूक मॉड्यूल कोणत्या मोडमध्ये चालते ते न पाहण्याची. मेमरी मोडमध्ये मॉड्यूल साध्या रॅमसारखे वापरले जाते, डीरॅम (नेहमीची रॅम) ही त्याची कॅश असते आणि वीज गेली की मजकूर जातोच. तो बिघाड नव्हे. ॲप डायरेक्ट या दुसऱ्या मोडमध्ये मजकूर टिकतो, परंतु प्रोसेसरच्या कॅशमध्ये अडकलेले लेखन टिकेलच असे नाही. डर्टी शटडाउनचा (लेखन नीट पूर्ण न होता मॉड्यूल बंद पडण्याचा) आकडा वाढत असेल, तर मॉड्यूलला दोष देण्यापूर्वी सर्व्हरचा पॉवर सप्लाय, यूपीएसची बॅटरी आणि अर्थिंग तपासावे. ज्या विदर्भात चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र आहे, तिथल्याच गावात हे सांगावे लागते, त्याला इलाज नाही.

मॉड्यूलचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) चढवले तरी ते रीबूटपर्यंत केवळ तयार ठेवलेले असते. त्यामुळे आवृत्ती जुनीच दिसते म्हणून तेच पुन्हा पुन्हा चढवणे निरर्थक आहे. सर्व मॉड्यूलची आवृत्ती एकच असावी आणि ती सर्व्हर बनवणाऱ्याने बायोससोबत दिलेल्या संचातूनच घ्यावी. सर्व व्हीएम रीतसर बंद करून, लाईन स्थिर असतानाच हे काम करावे.

इंटरलीव्ह केलेल्या, म्हणजे मजकूर आपसांत वाटून ठेवणाऱ्या, संचातले एक मॉड्यूल निकामी झाले तर संपूर्ण संचावरचा मजकूर जाऊ शकतो. म्हणून शोध घेताना मॉड्यूलांची जागा बदलू नये. काढावेच लागले तर प्रत्येकावर स्लॉटचा क्रमांक लिहावा. लिनक्स होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या मूळ यंत्रावर) एनडीसीटीएल या साधनाच्या यादीत मोजकेच खराब ब्लॉक दिसत असतील, तर बाधित फाइल बॅकअपमधून परत आणणे बहुधा पुरते, मॉड्यूल बदलावे लागत नाही. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरच्या बऱ्याच आवृत्त्यांत व्हीपीमेम (ऑप्टेनसारख्या मेमरीचा वाटा) दिलेल्या व्हीएमचा नेहमीचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंद) घेता येत नाही, हे मात्र संकटाच्या दिवशी कळू नये. अशा व्हीएमचा बॅकअप तिच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टीममधूनच घ्यावा लागतो.

मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन असताना खोलीतला कूलर बंद पडला, तर मॉड्यूलचा वेग आपोआप घटतो. अशा वेळी सेन्सरवरचे तापमान आधी वाचावे. त्याच पडद्यावर उरलेले आयुष्य टक्क्यांत दिसते. इंटेलने जुलै २०२२ मध्ये हा व्यवसाय आवरता घेतला असल्याने, टक्के कमी झाले की त्याच क्षमतेचे सुटे मॉड्यूल वेळेवर मिळेल यावर विसंबू नये. ते आधीच आणून कपाटात ठेवावे.