खाऱ्या वाऱ्यातली मोडकी मारुती पुन्हा रस्त्यावर आणताना

कोकण किनाऱ्यावर पडून राहिलेली जुनी गाडी स्वस्तात मिळवणे मुळीच अवघड नाही. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही गावात, खळ्याच्या कडेला किंवा निळ्या ताडपत्रीखाली, मुंबईकर भावाने गावी आणून ठेवलेली आणि पुढे कोणीच न वापरलेली एखादी मारुती ८०० उभी असते. मालक दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून जोडतो, इंजिन तीन-चार झटक्यांत सुरू होते, आणि घेणारा तिथेच फसतो. मीही असाच फसलो. इंजिनाचा एकसारखा आवाज ऐकून मी बत्तीस हजार रुपये मोजले, गाडी टो करून घरी आणली, चालकाच्या पायाखालचे रबरी मॅट उचलले आणि सहज म्हणून स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर न लावताही तो पत्र्यातून आरपार गेला, आणि त्या भोकातून मला माझ्याच खळ्यातली लाल माती दिसली.

त्या दिवसापासून माझा क्रम ठरला आहे, आणि पुढचे सगळे त्याच क्रमाने लिहिले आहे: आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग. घाटावरचे मेकॅनिक इंजिनापासून सुरुवात करतात आणि तिकडे ते योग्यही आहे. परंतु इकडे इंजिन दुरुस्त होते, कुजलेली बॉडी बहुधा होत नाही.

नवशिक्याने मारुती ८०० च घ्यावी, असे माझे मत आहे. डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत ही गाडी बनत होती, तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन प्रत्येक तालुक्यातल्या मिस्त्रीच्या हाताखालून गेलेले आहे, आणि सुटे भाग आजही मिळतात. कार्बोरेटरचे जुने मॉडेल मिळाले तर उत्तम, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक दोष डोळ्यांनी पाहता येतो. इंजेक्शनच्या गाडीला कधी ना कधी स्कॅनर लावावा लागतो.

गंज इथेच इतका का लागतो, हे समजून घेतल्याशिवाय त्यावर उपाय करता येत नाही. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून घेते आणि ओले होते. आपल्याकडे पावसाळाभर, आणि समुद्राजवळ इतर महिन्यांतही बऱ्याच रात्री, आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे पत्र्याच्या फटीत बसलेले मीठ, पाऊस न पडताही, रात्रीत ओले होऊन सकाळपर्यंत आपले काम करून मोकळे होते. छपराखाली उभी असलेली गाडी सुरक्षित आहे, हा समज त्यामुळेच चुकीचा ठरतो.

घेण्यापूर्वी

गाडी पाहायला भर दिवसा जावे आणि सोबत लहान लोहचुंबक, टॉर्च व स्क्रूड्रायव्हर न्यावा. चुंबक फडक्यात गुंडाळून दरवाजांच्या खालच्या कडांवरून, चाकांच्या कमानींवरून आणि दोन्ही दरवाजांखालच्या लांब पट्टीवरून फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. धड पत्रा ठणकतो आणि कुजलेला ओल्या पुठ्ठ्यासारखा ठप वाजतो. बॉनेट उघडून बॅटरीखालचा ट्रे आणि दोन्ही बाजूंना शॉकॲब्सॉर्बरचे (धक्के झेलणाऱ्या शॉकचे) वरचे टोक जिथे बसते ती जागा नीट पाहावी. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. सगळा भार बॉडीच पेलते. त्यामुळे दरवाजातले भोक केवळ दिसायला वाईट असते, पण शॉकच्या मुळाशी किंवा दरवाजाखालच्या पट्टीत आलेले भोक जिवावर बेतू शकते. शॉकची बैठक खाल्लेली असेल तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा, कारण मालक सगळे धुतो पण गुंडाळलेल्या पट्ट्यावरची चिखलाची रेघ विसरतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि अशा गाड्या पुढे चार हात फिरत विकल्या जातातच. गोड्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा विचार एक वेळ करता येईल. भरतीच्या पाण्यात सापडलेल्या, म्हणजे हौशी पर्यटकाने पुळणीवर नेऊन रुतवलेल्या, गाडीचा मात्र अजिबात करू नये. तिच्या वायरिंगमध्ये आणि बंद पोकळ्यांत शिरलेले मीठ बाहेर काढण्याचा मार्ग नाही.

कागदांपैकी आर.सी., म्हणजे नोंदणीचा दाखला, मूळ असावी, कर्जाचा बोजा उतरलेला असावा, आणि पत्र्यावर ठोकलेला चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावा. तो गंजाने खाल्ला असेल तर पुढे आर.टी.ओ.च्या निरीक्षकासमोर गाडी उभी करता येत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढलेले आहे. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या आर.टी.ओ.ची असेल तर फॉर्म २८ वर ना-हरकत आणावी लागते. शुल्क, पर्यावरण कर आणि विमा यांची बेरीज गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करावा.

हंगाम आणि जागा

काम दसऱ्यानंतर हाती घ्यावे आणि मृगाच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, संपवावे. पावसात उघडा केलेला पत्रा एका रात्रीत पिवळा पडतो.

गाडीखाली शिरण्यापूर्वी एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी. आपल्याकडे घराच्या मागे उरलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ढीग असतोच, आणि जॅक लावून खाली दोन चिरे सरकवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. जांभा सच्छिद्र असतो, आणि एका कोपऱ्यावर भार आला की कसलीही पूर्वसूचना न देता फुटतो. सिमेंटचा पोकळ ब्लॉकही तसाच. लोखंडी स्टँड विकत घ्यावेत, ते मातीवर न ठेवता जाड फळीवर ठेवावेत, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. माझा एक चिरा असाच फुटला, तेव्हा सुदैवाने गाडीखाली फक्त माझी चप्पल होती.

पत्रा

सीट, मॅट आणि त्याखालचे नमद्याचे थर सगळे बाहेर काढावेत. मग गाडी आतून-बाहेरून, खालून आणि पोकळ्यांतून गोड्या पाण्याने धुवावी. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते पाणी वापरणे म्हणजे मीठ धुण्यासाठी मीठच ओतणे होय, म्हणून लागल्यास वरच्या वाडीतून पाणी आणावे. काचेखालच्या जाळीत सुरूच्या झाडाची सुयांसारखी पाने कुजून घट्ट लगदा झालेला असतो आणि तोच पाणी अडवून खालचा पत्रा खातो. माझ्या गाडीतून असा अर्धी बादली लगदा निघाला. दरवाजांच्या आणि पट्ट्यांच्या तळाशी असलेली निचऱ्याची बारीक छिद्रे तारेने मोकळी करावीत आणि पुढे दर पावसाळ्याआधी हे काम पुन्हा करावे.

वरवरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून, पुन्हा धुऊन, पूर्ण वाळवून मग त्यावर फॉस्फरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण लावावे; ते उरलेल्या गंजाचे काळ्या, घट्ट थरात रूपांतर करते. मधले धुणे टाळले तर थराखाली अडकलेले मीठ सहा महिन्यांत फोड आणते.

जिथे पत्रा पातळ झाला आहे तिथे मात्र मायेने वागू नये. भोकापासून बाहेरच्या दिशेने, चकचकीत आणि जाड पत्रा लागेपर्यंत, कापत जावे. बोटाएवढे दिसणारे भोक कापून झाल्यावर तळहाताएवढे होते आणि पहिल्यांदा ते पाहून पोटात गोळा येतो. पुठ्ठ्याचा साचा कापून त्याबरहुकूम वीस गेज जाडीच्या सी.आर. (कोल्ड रोल्ड) पत्र्याचे ठिगळ तयार करावे आणि ते जागेवर हलक्या हाताने ठोकून बसवावे. इथपर्यंतचे काम हौशी माणसाने निवांतपणे स्वतः करावे; वेल्डिंगसाठी मात्र को-टू मशीन (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारे वेल्डिंगचे यंत्र) असलेल्या कारागिराला एक दिवस घरी बोलवावे. त्याला सगळी ठिगळे तयार मिळाली तर तो दिवसभरात काम संपवतो आणि मजुरी निम्म्यावर येते. त्याला इतकेच सांगावे की टाके एका ओळीत मारत जाऊ नये, तर समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून मारावेत, नाहीतर पातळ पत्रा तापून पापडासारखा वाकडा होतो. त्याआधी बॅटरी सोडवून ठेवावी आणि पेट्रोलची टाकी गाडीवरून उतरवून लांब न्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ असते.

मासेमारीच्या बंदरांवर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे लोक सहज भेटतात, आणि फायबर लावून तळ बुजवावा असा सल्ला तितक्याच सहज मिळतो. मी तो एकदा मानला. वरून तळ आरशासारखा झाला. खाली उरलेला गंज फायबरच्या आड निवांतपणे वाढत राहिला आणि दुसऱ्या वर्षी सगळा तुकडा एका हाताने उचलून बाहेर काढता आला. होडीला गंजायला लोखंडच नसते, ही साधी गोष्ट मी लक्षात घेतली नव्हती.

वेल्डिंगच्या सांध्यांवर आधी इपॉक्सी प्रायमर, मग सांधे बुजवणारा सीलर आणि खालून रबरी अंडरकोट असा क्रम ठेवावा. पुट्टी नेहमी प्रायमरच्या वर, पातळ थरात लावावी. ती पाणी शोषते, त्यामुळे उघड्या पत्र्यावर थापली तर आतून गंज पोसते. गाडीच्या पोटाला जळके ऑइल फासण्याची रीत गावागावांत आहे. ते ऑइल पहिल्या पावसात विहिरीच्या वाटेला लागते आणि रबरी बुश फुगवते, म्हणून मी ती सोडून दिली.

ब्रेक

पडून असलेल्या गाडीचे ब्रेक लागत आहेत असे वाटले तरी ते उघडावेतच. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषते, ते पाणी तळाला, चाकाजवळच्या व्हील सिलिंडरमध्ये, आतले लोखंड गंजवते आणि पिस्टन अडकतो. मागच्या दोन्ही चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि शू नवेच घालावेत. लोखंडी पाइपवर फोड आलेले दिसले तर तोही बदलावा. पाइपचे नट साध्या पान्याने फिरवले की कडा झिजून गोल होतात. गंज सैल करणारा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवावा, पाइपसाठी मिळणारा कापलेल्या तोंडाचा रिंग पाना वापरावा, आणि नट सोडण्यापूर्वी केसभर आवळावा. ‘कट्’ असा आवाज आला की तो सुटतो.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना दोन माणसे लागतात. आमच्याकडे भाचा पेडलवर बसतो आणि मी चाकाशी. मी ‘दाब’ म्हटले की तो पाय दाबून धरतो, मी निपल (चाकाजवळचा हवा सोडायचा पोकळ स्क्रू) सैल करतो, बुडबुडे पारदर्शक नळीतून बाटलीत जातात, मी निपल आवळतो आणि मगच ‘सोड’ म्हणतो. एकदा मी आवळण्याआधीच त्याने पाय उचलला आणि सगळे पहिल्यापासून करावे लागले. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळ येत जावे, आणि वरच्या डबीतले ऑइल मध्येच संपू देऊ नये.

इंजिन

बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारू नये. तिन्ही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, रात्रभर ठेवावे आणि सकाळी क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने फिरवून पाहावा. फिरला तर निम्मी चिंता मिटली. न फिरल्यास आणखी ऑइल सोडून दोन दिवस थांबावे. जोर करू नये. इंजिनाखालचा ऑइल सोडायचा बोल्ट काढल्यावर ऑइल दुधाळ चहासारखे निघाले तर आत पाणी गेलेले आहे आणि हेड उघडावे लागेल.

टायमिंग बेल्ट कितीही चांगला दिसला तरी नवा घालावा, कारण रबराचे वय दिसत नाही. टाकीतले जुने पेट्रोल वॉर्निशसारखे वासते, ते संपूर्ण काढून टाकावे. कार्बोरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोके, तारेने न टोचता स्प्रे आणि हवेने साफ करावेत, कारण तारेने भोक मोठे होते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते जुने रबर खाते आणि पाणीही धरते, म्हणून पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलावेत आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत जुने पेट्रोल साठवू नये. प्लगच्या वायरी काढण्यापूर्वी त्यांवर खुणा कराव्यात. ठिणगीचा क्रम एक-तीन-दोन आहे, तो चुकला की इंजिन फटाके फोडते पण चालत नाही.

वायरिंगमध्ये नव्वद टक्के दोष अर्थिंगचे निघतात, असा माझा अनुभव आहे. बॉडीला जिथे जिथे अर्थची वायर बसते तो प्रत्येक बोल्ट काढून, जागा चकचकीत घासून, पेट्रोलियम जेली लावून पुन्हा आवळावा. डॅशबोर्डच्या मागे उंदराने कुरतडलेल्या वायरींना नुसती टेप न गुंडाळता नवा तुकडा सोल्डर करून जोडावा.

रंगाचे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच, सकाळी दव उडून गेल्यावर करावे. दमट हवेत रंग मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर पाणी धरते आणि रंग पांढुरका दिसतो.

सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी न मिळाल्यास मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात नवे आणि कुर्ल्यात जुने मिळतात, आणि एस.टी.च्या पार्सलने गावापर्यंत येतात. मात्र जुने ब्रेकचे भाग कुठूनही घेऊ नयेत.

गाडी रस्त्यावर आल्यानंतर दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीने खाडी ओलांडली, तर त्याच संध्याकाळी गाडीच्या पोटावर, चाकांच्या कमानींत आणि पट्ट्यांच्या छिद्रांत गोड्या पाण्याचा पाइप पाच मिनिटे मारावा. पावसाळ्यात प्लास्टिकचे कव्हर घालू नये, कारण ते दमटपणा आत कोंडते. चारही बाजूंनी वारा खेळेल असे छप्पर पुरते, आणि काचा बोटभर खाली ठेवून आठवड्यातून एकदा गाडी दहा किलोमीटर फिरवून आणावी.