रस्त्याला आदिवासींचं नाव देताय? या चुका टाळा

मुंबईत इंग्रजी अमदानीतली नावं जाऊन आपली नावं यायला आता बरीच वर्षं झाली. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं त्यालाही, 2018 पासून, बराच काळ लोटला. पण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारली, कोकणा, मल्हार कोळी लोकांची नावं पाट्यांवर शोधायला गेलं, तर फारसं काही हाती लागत नाही. त्यामुळे असा प्रस्ताव कुणी आणला की मनापासून बरं वाटतं, आणि तो टाळता येण्यासारख्या चुकीपायी अडकला की जीव तुटतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पाड्याचंच नाव पुसणं. गोरेगावच्या आरे कॉलनीत केलटीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा अशी नावं आहेत. ती तिथल्याच लोकांनी ठेवलेली. त्या वाटेला बिरसा मुंडांचं नाव जरूर द्या, पण पाड्याचं नाव उडवून नको. यात भावनेइतकाच कागदांचाही प्रश्न आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर पाड्याचं नाव आणि नातवाच्या आधार कार्डावर नव्या मार्गाचं नाव असेल, तर खिडकीमागचा कारकून विचारणारच, ही जागा एकच कशावरून? 2006 च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यातही जुन्या वहिवाटीचे कागद लागतात, तिथेही हाच घोळ होतो. म्हणून ठरावातच ‘पूर्वीचे नाव’ लिहून घ्या, पाटीवर खालच्या ओळीत पाड्याचं नाव ठेवायला सांगा आणि मंजूर ठरावाची प्रत पाड्यातल्या घराघरांत पोहोचवा.

दुसरी चूक नावाच्या माहितीत होते. कोळी म्हटलं की सगळे एकच, असं धरून अर्ज लिहिले जातात. वरळी-वर्सोव्याच्या कोळीवाड्यांतले मासेमार मुख्यतः सोनकोळी. महादेव कोळी आणि मल्हार कोळी अनुसूचित जमातीत मोडतात. इंग्रजांविरुद्ध बंड करून 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे महादेव कोळी, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातले. त्यांचं नाव कोळीवाड्यातल्या रस्त्याला द्यायला काहीच हरकत नाही, पण अर्जात त्यांना दर्यावर्दी करू नका. आणि चिरनेरच्या 1930 च्या जंगल सत्याग्रहात बळी गेलेला नाग्या कातकरी तर खाडीपलीकडच्या उरण तालुक्यातला, त्याची आठवण मुंबईत कितीशी निघते?

नुसतं जमातीचं नाव देणार असाल, तर आधी पाड्यात बसून बोला. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्या आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. त्याचा दाखला देऊन कुणी हरकत घेऊ शकतं. व्यक्तीचं, देवाचं किंवा पाड्याचं नाव असेल तर हा वाद उद्भवत नाही.

9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनापर्यंत पाटी लागलीच पाहिजे म्हणून ठरावाआधी फ्लेक्स लावू नका, तो उतरवला गेला की लोकांचा हिरमोड होतो. नाव सुटसुटीत ठेवा. पेडर रोड कागदोपत्री डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे, तरी टॅक्सीत बसल्यावर आपण पेडर रोडच म्हणतो. चार बिरुदं लावलेल्या नावाचं तर दोन अक्षरांत लघुरूप होतं.

प्रस्ताव पुढेच सरकत नसेल, तर आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. नगरसेवकामार्फत प्रभाग समितीत जाणारा प्रस्ताव पालिकेच्या रस्त्यालाच चालतो. आरेची जमीन मुख्यतः दुग्धविकास विभागाची, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली वन विभागाची. वॉर्ड ऑफिसच्या परिरक्षण (मेंटेनन्स) खात्यात तोंडी विचारून भागत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ‘सदर रस्ता आमच्या ताब्यात नाही’ असं लेखी आलं, तर ते पत्र जोडूनच संबंधित विभागाकडे नवा अर्ज करा.