न्यूरल क्रेस्ट पेशींच्या प्रात्यक्षिकाची तयारी

कोंबडीच्या भ्रूणात न्यूरल क्रेस्ट पेशी, म्हणजे पाठीकडे तयार होऊन शरीरात दूरवर जाणाऱ्या पेशी, दाखवायच्या असतील, तर अंडी हाती येतील त्या क्षणापासून ती थंड ठेवण्याची सोय आधी करावी. सूक्ष्मदर्शक, चिमटे, कात्री यांचे नंतर पाहता येते. दुकानातली अंडी बहुधा फलित नसतात, म्हणून कळपात कोंबडा असलेल्या घरूनच गावठी अंडी घ्यावीत. मात्र खुडूक कोंबडीखालचे अंडे कोणी कितीही आग्रहाने दिले तरी घेऊ नये.

अंडे साधारण २१ अंशांच्या वर राहिले की आतला भ्रूण मंदपणे वाढू लागतो, आणि रत्नागिरी-मालवणकडे वैशाखात पडवीतली सावलीही त्याहून कितीतरी उष्ण असते. म्हणून थर्माकोलच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवून आतले तापमान १५ अंशांच्या आसपास राखावे, आणि ते थर्मामीटरने पाहावे, हाताने नव्हे. घरगुती फ्रिज नको. तिथल्या थंडीने भ्रूण दगावतात. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन अंडी आणणे तर मुळीच नको. पेटी आधी तयार असावी, अंडी मग आणावीत.

एवढा आग्रह धरण्याचे कारण या पेशींच्या वेळापत्रकात आहे. चेतानलिका (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी) मिटत असताना तिच्या पाठीकडच्या कडेवर त्या तयार होतात, शेजारच्या पेशींची पकड सोडतात आणि वाट काढत दूर जातात. चेहऱ्याची हाडे, त्वचेतील रंगपेशी, आतड्यांचे चेतातंतुजाल, अधिवृक्क ग्रंथीचा गाभा हे सारे त्यांच्यापासूनच घडते. डोक्याच्या भागात हे स्थलांतर सुमारे ७ सोमाइट (चेतानलिकेच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने दिसणारे पेशींचे ठोकळे; मोजताना जोड्या मोजतात) दिसू लागतात तेव्हा सुरू होते आणि १० सोमाइटांपर्यंत बरेच पुढे गेलेले असते. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांच्या कोंबडीच्या भ्रूणाचे टप्पे सांगणाऱ्या १९५१ च्या तक्त्यात १० सोमाइटांसाठी ३३ ते ३८ तासांची उबवण दिली आहे, पण वाटेतच वाढू लागलेल्या अंड्याला तो हिशेब लागू पडत नाही. तेव्हा तासांवर विसंबू नये, सोमाइट मोजावेत, आणि तरीही अंडी थंडच ठेवावीत.

इन्क्युबेटर ३८ अंशांवर, आत पाण्याची थाळी, इन्व्हर्टर जोडलेला. अंडी आडवी ठेवावीत. मिठाचे द्रावण ०.७२ टक्के आणि कोमट. भ्रूण गाळणकागदाच्या कड्यावर उचलावा. जिवंत, न रंगवलेल्या भ्रूणात या पेशी वेगळ्या ओळखू येत नाहीत, त्यामुळे फॉर्मॅलिन, आडवे छेद आणि शक्य असल्यास एचएनके-१ प्रतिपिंड (स्थलांतर करणाऱ्या या पेशींना चिकटून त्या ओळखू आणणारे) यांची मागणी आधीच नोंदवावी.