उन्हात एकच डोळा मिटतो? गॉगल घेण्याआधी हे बघा

बेळगावच्या खडेबाजारात माझं चष्म्याचं दुकान. उन्हाळ्यात खानापूर-निपाणीकडची माणसं पोरांना घेऊन येतात. "ह्याला ऊन सोसत नाही, काळा गॉगल द्या की." मी आधी विचारतो, दोन्ही डोळे बारीक करतो की एकच मिटतो?

एकच मिटत असेल, तर डोळा मधूनमधून बाहेर सरकणारा तिरळेपणा असू शकतो. प्रखर उजेडात दोन डोळ्यांची चित्रं एक ठेवणं अशा पोरांना जड जातं. त्याला लांबच्या झाडाकडे बघायला सांगा. एक डोळा तळहाताने थोडा वेळ झाका, आणि हात काढताना त्याच डोळ्याकडे लक्ष ठेवा. बाहेरून आत आला तर डॉक्टरला दाखवून घ्या. संध्याकाळी पोर दमलं की फोटोही काढून ठेवा. दवाखान्यात नेमका डोळा सरळ राहतो!

मोठ्यांनी पेनाचं टोक हळूहळू नाकाकडे आणावं. 10 सेंटीमीटरहून लांब असतानाच ते दोन दिसलं, तर डोळे आत वळायला कमी पडत असतील. वाचताना डोकं दुखणं, उजेड टोचणं अशांना होऊ शकतं. व्यायामाने बऱ्याच जणांना फरक पडतो, पण तपासणीनंतरच.

उन्हात टोपी, छत्री, गॉगल चालेल. घरात काळा चष्मा नको; डोळ्याला अंधाराची सवय लागते आणि उजेड आणखी टोचतो.

डोळा लाल होऊन दुखतोय, अंधूक दिसतंय? त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तान्ह्या बाळाला उजेड सोसेना, डोळ्यांतून पाणी येतंय आणि घरचे "किती टपोरे डोळे" म्हणतायत, तर माझ्याकडे येऊच नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तो जन्मजात काचबिंदू असू शकतो.