कुत्र्याने विषारी काही खाल्ल्यास दवाखान्यात नेण्यापूर्वीची तयारी

कुत्र्याने उंदराचे औषध, चॉकलेट किंवा घरातल्या कुणाच्या गोळ्या खाल्ल्याचे लक्षात येताच आधी वेळ लिहून ठेवावी, कारण साधारण दोन तास उलटले की बराचसा ऐवज आतड्यात उतरतो आणि उलटी करवण्याचा उपयोग कमी होत जातो. निघण्यापूर्वी पशुवैद्यकांना फोन करून अ‍ॅपोमॉर्फिन हे उलटी करवणारे औषध आहे का, हे विचारावे. ते प्रत्येक दवाखान्यात असेलच असे नाही.

खाल्लेल्या पदार्थाचे वेष्टन, फाटलेले असले तरी, सोबत घ्यावे. नुसते ‘उंदराचे औषध’ म्हणून भागत नाही. त्यातल्या ब्रोमाडायोलोन या प्रकाराने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि रक्तस्राव काही दिवसांनी दिसू लागतो. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या प्रकाराची काळसर भुकटी मात्र पोटातल्या आम्लाशी मिसळून फॉस्फिन हा विषारी वायू सोडते, जो माणसांनाही बाधतो. म्हणून अशा कुत्र्याला वाटेत काही खायला घालू नये, गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात आणि उलटी मोकळ्या हवेत करवता येईल का, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

वजन अंदाजाने सांगू नये. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. शिरेतून द्यायची अ‍ॅपोमॉर्फिनची मात्रा किलोमागे अवघी ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला ०.६ मिलिग्रॅम असते.

उलटी करवण्यासाठी घरी मीठ-पाणी पाजणे हा आपल्याकडचा जुना आणि घातक उपाय आहे, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. हायड्रोजन पेरॉक्साइडही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये, आणि मांजराला तर कधीच नाही. मांजरावर अ‍ॅपोमॉर्फिनचाही भरवसा नसल्याने डॉक्टर सहसा झायलाझिन किंवा डेक्समेडेटोमिडिन वापरतात. अ‍ॅसिड, रॉकेल किंवा टोकदार वस्तू पोटात गेली असेल, झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल, तर ते फोनवरच सांगावे, कारण अशा वेळी उलटी करवणे टाळतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याबाबतही हे आठवणीने सांगावे. उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका त्यांना अधिक असतो.

जुने टॉवेल आणि चालू औषधांची चिठ्ठी घ्यावी. उलटीतून पोटातला सगळा ऐवज क्वचितच बाहेर पडतो, त्यामुळे पुढे विष शोषून धरणारा सक्रिय कोळसा द्यावा लागेल, कदाचित रात्रभर ठेवून घेतील, असे गृहीत धरूनच घराबाहेर पडावे.