नुसतं ‘समजलं का?’ विचारू नका: वर्गात प्रश्न विचारताना या चुका टाळा

शिकवून झालं की आपण वर्गाला विचारतो, “समजलं का सगळ्यांना?” वर्ग एका सुरात “हो” म्हणतो आणि आपण पुढे सरकतो. माझ्या मते शिकवण्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ज्याला समजलेलं नसतं, त्याला आपलं नेमकं कुठे अडलंय हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. ज्याला ते कळलेलं असतं, तो सगळ्यांसमोर बोलायला कचरतो. आणि काहींना मनापासून वाटत असतं की आपल्याला समजलंय, पण त्यांनी करून घेतलेली समजूतच चुकीची असते. तिघेही “हो”च म्हणतात.

म्हणून प्रश्न असा हवा की उत्तर चुकलं तर ते का चुकलं, हेही दिसावं. दशांश अपूर्णांकांचंच बघा. “०.३५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती?” असं विचारलं की काही मुलं ०.३५ सांगतात, कारण ती ३५ आणि ५ यांची तुलना करतात. ही चूक बहुतेक शिक्षकांच्या ओळखीची आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. लगेच ०.४ आणि ०.६२ ही जोडी द्या. आता आधी बरोबर उत्तर दिलेल्यांपैकी काही जण ०.४ मोठी म्हणतील. त्यांचं म्हणणं असतं, ‘शतांश हा दशांशापेक्षा लहान, म्हणून शतांशापर्यंत जाणारी संख्या लहान.’ पहिल्या प्रश्नात त्यांना या चुकीच्या नियमानेच बरोबर उत्तर मिळालं होतं. तुम्ही एकच प्रश्न विचारून “छान” म्हणाला असता, तर ही मुलं तशीच पुढच्या धड्यात गेली असती.

या दोघांवरचा उपायही एक नाही. पहिल्या मुलाकडून ०.५ ही संख्या ०.५० अशी लिहून घ्या आणि दोन्ही संख्या स्थानिक किंमतीच्या तक्त्यात मांडायला लावा. दुसऱ्याचा निम्मा विचार बरोबर आहे, तो खोडू नका. त्याला शंभर घरांचा चौरस द्या आणि ०.४ साठी ४० घरं, ०.६२ साठी ६२ घरं रंगवायला सांगा. शतांश लहान असला तरी ते किती आहेत हेही मोजावं लागतं, हे त्याला रंगवतानाच दिसतं. असे जोडप्रश्न आयत्या वेळी फळ्यापाशी सुचत नाहीत. टाचण काढतानाच दोन-तीन लिहून ठेवा.

उत्तराची घाई

प्रश्न विचारला आणि क्षणभर शांतता पसरली की आपल्याला अस्वस्थ व्हायला होतं. मग आपणच उत्तर सुचवतो, प्रश्न बदलतो, नाहीतर नेहमीच्या हुशार मुलाकडे वळतो. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं अभ्यासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा त्याहून थोडं जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प बसणं कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मुलाचं उत्तर संपल्यावरही असंच थांबायचं असतं, आणि ते जास्त अवघड जातं. पण पुष्कळदा मूल त्या वेळात स्वतःच स्वतःला दुरुस्त करतं.

शांततेत वर्ग गडबड करतो, अशी तक्रार असते. ती खरी आहे. मुलांचे हात रिकामे ठेवू नका, आधी उत्तर वहीत लिहायला सांगा आणि मगच विचारा.

हात वर करणारे तेच ते

चार हात वर येतात, त्यांतून एक बरोबर उत्तर मिळतं आणि वर्गाला येतंय असा आपला समज होतो. त्यापेक्षा प्रत्येकाला पाटीवर किंवा कोऱ्या कागदावर उत्तर लिहू द्या आणि सांगितल्यावर सगळ्यांनी एकदम वर धरायला लावा. इथे एक गोष्ट हमखास बिघडते: ज्याचं लिहून होईल तो लगेच पाटी दाखवतो आणि बाकीचे बघून लिहितात. लिहून झालं की पाटी छातीशी उलटी धरायची, एवढा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

एकेकाला विचारायचं असेल तर आधी प्रश्न, मग विचाराला वेळ, आणि शेवटी नाव. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग त्या क्षणी सुटतो.

उत्तर आल्यानंतर

“कसं काढलंस?” हे आपण बहुतेक चुकलेल्यालाच विचारतो. मुलांना ते लवकर कळतं आणि हा प्रश्न ऐकला की ती उत्तर बदलून टाकतात. बरोबर उत्तरालाही तितक्याच वेळा विचारा. उत्तर चुकलं तर “कोण बरोबर सांगेल?” म्हणत दुसऱ्याकडे जाणं मुलाला फार लागतं. दुसऱ्याचं ऐकायला सांगा, पण परत त्याच मुलाकडे या आणि त्याच्या शब्दांत वदवून घ्या. “माहीत नाही” म्हणणाऱ्याच्या बाबतीतही हेच करा. अजिबात न बोलणाऱ्याला आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्या, मग त्या दोघांचं मिळून उत्तर मागा.

पाट्या वर आल्या आणि निम्म्या चुकल्या, तर तेच स्पष्टीकरण मोठ्या आवाजात पुन्हा देऊ नका. वेगवेगळी उत्तरं आलेल्यांच्या जोड्या लावा, एकमेकांना पटवायला सांगा आणि पुन्हा लिहून घ्या. चार-पाच जणच चुकले असतील तर बाकीच्यांना सराव देऊन त्यांच्याजवळ बसा. जवळजवळ सगळेच चुकले, तर मुलांना बोल लावू नका. आधी आपला प्रश्न वाचून बघा, मग आपण कुठली पायरी गाळली ते शोधा.

आणि त्याच तासाला सगळी उत्तरं बरोबर आली तरी विषय संपला असं धरू नका. नुकतंच ऐकलेलं आठवतंच. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत, काहीही न सांगता, आकडे बदलून तोच प्रश्न द्या: ०.०८ मोठी की ०.३? त्या पाट्या बघून त्या दिवशीचा तास कुठून सुरू करायचा ते ठरवा.