प्रोटीन लेबलिंगमध्ये क्वेंचर (रिअ‍ॅक्शन थांबवणारं द्रव्य) टाकताना या चुका टाळा

आमच्याकडं कोल्हापुरात लेझर नाही म्हणून प्रोटीन फुटप्रिंटिंग (प्रोटीनच्या उघड्या भागांवर रासायनिक खूण करून त्याची घडी ओळखणं) अडत नाही, फेंटन रिअ‍ॅक्शननं टेबलावरच ही खूण करणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, लोह-ईडीटीए, पेरॉक्साइड आणि अ‍ॅस्कॉर्बेट एवढ्यात भागतंय. आम्ही तेच करतो आणि सँपल मास स्पेकला (रेणूंचं वजन मोजायला) पुण्याला पाठवतो. खरी गोची होते ती रिअ‍ॅक्शन थांबवताना.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे नुसतं मेथिओनिन (रॅडिकल खाणारं अमिनो आम्ल) टाकून ट्यूबा रात्रीच्या बसनं लावून दिल्या. रॅडिकल क्षणात संपतात ओ, पण उरलेलं पेरॉक्साइड कुठं जाणार, ते प्रोटीनच्या मेथिओनिनला हळूहळू ऑक्सिडाइज करतच बसतंय. डेटा आला तर लोह न घातलेल्या कंट्रोलमध्येपण 16 डाल्टननं, म्हणजे एका ऑक्सिजन अणूच्या वजनानं, वाढलेले पीक, मग प्रोटीनची घडी मोजली का बसचा प्रवास मोजला हे सांगताच येईना. म्हणून मेथिओनिनसोबत कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) पाहिजेच, आणि ही दोन्ही रिअ‍ॅक्शन थांबवायच्या वेगळ्या ट्यूबमध्ये आधीच भरून ठेवा, नंतर पिपेट शोधत बसू नका.

कॅटालेज जिवंत आहे का ते पण बघा. फ्रीझरमध्ये गोठवलं की त्याची ताकद कमी होते. पेरॉक्साइडमध्ये एक थेंब टाकला की लगेच बुडबुडे यायला पाहिजेत. आमच्याकडं एकदा नुसत्या पेरॉक्साइडमध्ये फसफस यायची पण प्रोटीनचा बफर मिसळला की सगळं गार, दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग बफरच्या स्टॉक बाटलीच्या लेबलवर 0.02 टक्के सोडियम अ‍ॅझाइड दिसलं. अ‍ॅझाइड कॅटालेजला बंद पाडतं, शिवाय रॅडिकलपण खातं, म्हणजे दोन्हीकडून मार. ट्रिस, ग्लिसरॉल, डीएमएसओ हेपण रॅडिकल खातात, म्हणून लेबलिंगच्या आधी बफर बदलून घ्या. आणि कॅटालेज जास्त ओतू नका, ते स्वतःच प्रोटीन आहे, ट्रिप्सिननं (प्रोटीन कापणारं एन्झाइम) त्याचेच पेप्टाइड होऊन स्पेक्ट्रम भरतोय, नॅनोमोलरमध्ये काम होतंय.

खूण करायला डीईपीसी हे दुसरं रसायन वापरत असाल तर इमिडाझोलनं थांबवा आणि सँपल पडून राहू देऊ नका, लेबल हळूहळू सुटतं. अगदी ट्रिप्सिनच्या लांब डायजेशनमध्येसुद्धा सुटतं.

हायड्रोजन-ड्युटेरियम (प्रोटीनमधल्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, बसवून मोजणं) करणाऱ्यांनी नुसत्या क्वेंच बफरचा पीएच मोजून समाधान मानू नये, सँपल मिसळल्यावरचा मोजा, तो 2.5 च्या आसपास आणि तापमान 0 अंश पाहिजे. एप्रिलमध्ये इथं बर्फ टेबलावर बघता बघता वितळतोय, ट्यूब पाण्यात तरंगायला लागली की समजा ड्युटेरियम निघून चाललंय.